कोकरांचा हंगाम: पहिल्या चिकाची वही

१८ जानेवारी

आजपासून वही सुरू. गेल्या वर्षी ३१ कोकरं झाली आणि ५ गेली, त्यातली ३ तर पहिल्या दोन दिवसांतच, आणि नंतर आबांनी विचारलं की का गेली गं, तर माझ्याकडे उत्तरच नव्हतं. काही लिहूनच ठेवलं नव्हतं ना. थंडीनं गेली असतील, अशक्त असतील, असं नुसतं म्हणत बसले. ते मला फार लागलं. आबांची अख्खी हयात मेंढरांत गेली, त्यांना प्रत्येक मेंढीचं मागचं वेतसुद्धा तोंडपाठ असतं. माझं तसं नाही, मला लिहावंच लागतं.

यंदा १८ मेंढ्या. मेंढा १ ऑक्टोबरला सोडला होता, छातीला लाल रंग लावून, म्हणजे जी मेंढी फळली तिच्या पाठीवर लाल ठसा. १७ दिवसांनी रंग बदलून निळा केला, कारण मेंढी साधारण १७ दिवसांनी परत माजावर येते, तेव्हा जी उलटली तिच्यावर निळा उमटतो. १४ लाल, ३ निळ्या, एकीवर काहीच नाही. सोनोग्राफीतही तेच आलं, ती एक रिकामी, ६ एकेकटी, १० जुळी, एक तिळी. २९ कोकरं अपेक्षित. गाभणकाळ सरासरी १४७ दिवसांचा धरला की पहिली २५ फेब्रुवारीच्या आसपास, थोडं मागं-पुढं होतंच.

आज सगळ्यांच्या कमरेवर हात ठेवून बघितलं, मणक्याची टोकं बोटाला किती टोचतात त्यावरून अंगावरचं मांस कळतं. १ म्हणजे हाडकुळी, ५ म्हणजे लठ्ठ, अशा गुणांत बहुतेक ३ च्या जवळ. ७ नंबर आणि १५ नंबर थोड्या उतरल्यात. जुळंवाल्या आणि तिळंवाली वेगळ्या केल्या आणि त्यांचा खुराक थोडा थोडा वाढवायला घेतलाय. पोटातल्या कोकराची जवळजवळ ७० टक्के वाढ या शेवटच्या सहा आठवड्यांत होते, आणि नेमकं तेव्हाच पोटात जागा उरत नाही, म्हणजे गरज सगळ्यात जास्त आणि खाल्लं जातं कमी. म्हणून चारा कमी जागेत जास्त बळ देणारा हवा.

२४ जानेवारी

आंत्रविषार (आतड्यात विष होऊन जनावर जातं तो रोग) आणि धनुर्वाताची लस झाली सगळ्यांना. विण्याआधी ४ ते ६ आठवडे द्यायची म्हणजे चीक तयार होताना त्यात ताकद उतरते. लस आईला, कामाला येणार कोकराला.

५ फेब्रुवारी

कप्पे तयार केले, सहा. दीड मीटर बाय दीड मीटर, खाली कोरडं गवत, त्याच्याखाली चुना. व्यायलेली मेंढी नि तिची कोकरं दिवस-दोन दिवस यात. एक कप्पा रिकामा झाला की सगळं काढून परत चुना टाकायचा, हे यंदा टाळायचं नाही. गेल्या वर्षी मी तिसऱ्या-चौथ्या मेंढीनंतर नुसतं वरून गवत टाकत गेले. घाण गवतातले जंतू पोटात गेले आणि चीक उशिरा मिळाला तर कोकराच्या तोंडाला लाळ सुटते, पोट फुगतं आणि एका दिवसात जातं. मागच्यातलं एक तरी तसंच गेलं असेल असं आता वाटतं.

वहिनीला सहावा महिना लागलाय, तिला आजपासून मेंढ्यांच्या वाड्यात यायचं नाही असं सांगितलं. माझे कपडेपण तिच्या कपड्यांत धुवायचे नाहीत. गाभडलेल्या मेंढीच्या वारेतून, पाण्यातून असे काही रोग येतात की ते पोटुशी बाईच्या गर्भाला धोक्याचे. तिला वाईट वाटलं, कोकरं बघायची होती. लांबून बघ म्हटलं, वाड्यात मात्र महिन्याभरानं पण नको.

फ्रीजरमध्ये गेल्या वर्षीचा चीक आहे, १०० मिलीच्या पिशव्यांत. वितळवताना कोमट पाण्यातच, उकळत्या पाण्यात टाकला की फाटतो आणि त्यातली ताकदही जाते.

वहीचे रकाने पाडले: मेंढी नंबर, विण्याची वेळ, कोकराचं वजन, चीक किती वाजता, ताप. मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो चौथा. माणसाच्या बाळाला पोटात असतानाच आईच्या रक्तातून रोगाशी लढायची ताकद मिळते, कोकराला अजिबात नाही, मेंढीची वार ते पलीकडे जाऊच देत नाही. कोकरू येतं तेव्हा त्या बाबतीत कोरं असतं. सगळं चिकातून. आणि आतडी ती ताकद आख्खी शोषून घेतात ती पहिले काही तासच, नंतर दार मिटत जातं आणि २४ तासांनी बंद. म्हणून दोन तासांच्या आत किलोमागे ५० मिली हे माझं टार्गेट. ४ किलोच्या कोकराला २०० मिली.

१९ फेब्रुवारी

७ नंबर सकाळी दावणीला आली नाही. लांब उभी, मान वर करून, डोळ्यांपुढे हात नेला तरी पापणी हलेना. जुळी आहेत हिला. पोटातली दोघं साखर ओढतात, हिला तेवढं खाणं होत नाही, मग अंगातली चरबी वेगानं वितळते आणि त्याचंच विष होतं. डॉक्टर तासाभरात आले, ते नशीब. शिरेतून ग्लुकोज दिलं आणि प्रोपिलीन ग्लायकॉल, ज्यातून अंगात साखर तयार होते ते औषध, तोंडानं द्यायला ठेवलं, दिवसातून दोनदा. तोंडाला एक गोडसर, ॲसिटोनसारखा वास येत होता, तो लक्षात ठेवायचा.

२१ फेब्रुवारी

७ नंबरनं मूठभर खाल्लं. संध्याकाळी रवंथ करताना बघितली. एवढं बरं वाटलं.

२५ फेब्रुवारी

पहिली व्यायली. ११ नंबर, जुळी, जुनी जाणती मेंढी आहे ही. दुपारपासून कळपातून बाजूला, एकाच जागी पाय खरवडत होती, खाली वास घ्यायची, बसायची, उठायची. शेपटीच्या दोन्ही बाजूंना खड्डे पडले होते, कास ताठ. ४:२० ला पाण्याची पिशवी दिसली. मी बाहेर उभी राहिले, मध्ये जायचं नाही असं स्वतःला बजावत. आबांचा नियम, पिशवी दिसल्यावर अर्धा-पाऊण तास कळा देऊनही काही पुढं सरकलं नाही तरच हात घालायचा. दोन खूर दिसले, त्यावर टेकवलेलं नाक, म्हणजे सगळं जागेवर. ४:४५ ला पहिलं बाहेर, ५:०२ ला दुसरं.

आणि मग तो आवाज. वर्षभर मेंढी असं ओरडत नाही, तोंड मिटून घशातल्या घशात हुंकारते, फक्त नवीन कोकराशी बोलताना. चाटतेय, हुंकारतेय, परत चाटतेय. चाटण्यानं कोकरू नुसतं वाळत नाही तर जागं होतं, आणि त्या वेळात ती त्याचा वास पाठ करून घेते. तासा-दोन तासांत तिचं ठरून जातं की हे माझं, बाकी कुणी आलं तर ढुशी.

नाळेला आयोडीन लगेच लावलं, बुडापर्यंत बुडवून. वजन ४.१ आणि ३.८. पहिलं ५:०५ ला, दुसरं ५:२५ ला सडाला लागलं. शेपट्या थरथर हलत होत्या. वार ७:३० ला पडली. वहीची पहिली ओळ सुंदर आलीय.

२ मार्च

लिहायला जड जातंय पण याच्यासाठीच तर वही आहे.

काल रात्री पाऊस आणि वारा, आणि अशाच वेळी एकापाठोपाठ तीन व्यायल्या. ३ नंबरचं दुसरं कोकरू ११:४० ला, ३.५ किलो. वहीत माझ्याच अक्षरात आहे, ११:५५ लुचलं. मी बघितलं होतं, सड तोंडात होता, शेपूट हलत होती, मी पुढच्या मेंढीकडे गेले. पहाटे साडेपाचला ते कोपऱ्यात पाठीची कमान करून पडलेलं, तोंडात बोट घातलं तर तोंड थंडगार. ताप ३५.९. चांगल्या कोकराचा ३९ ते ४० असतो. मी घाईघाईत उचलून दिव्याखाली, गरम पाण्याच्या बाटल्यांमध्ये ठेवलं. वीस मिनिटांत झटके आले आणि गेलं.

सकाळी डॉक्टर आणि आबा दोघंही आले आणि दोघांकडून एकेक गोष्ट कळली, आणि दोन्ही मी चुकवल्या होत्या.

आबांनी मेंढीची कास हातात घेतली, डावा सड पिळला, काहीच नाही, परत जोरात पिळला तर मेणासारखा बूच सुटून बाहेर आला आणि मग चिकाची धार. कोकरू रात्रभर त्या बंद सडाला लुचत होतं. उजवा त्याच्या भावानं धरला होता. लुचतंय म्हणजे पितंय असं नाही पोरी, आबा म्हणाले, पोट चाचपायचं.

आणि डॉक्टरांनी सांगितलं ते असं की कोकरू जन्मतं तेव्हा त्याच्या अंगात एक खास तपकिरी चरबी असते, तीच जाळून ते ऊब धरतं. दूध मिळालं नाही तर ती पाचेक तासांत संपते आणि रक्तातली साखरही संपते. अशा पाच तासांच्या वरच्या गार पडलेल्या कोकराला आधी ऊब दिली तर मेंदू जागा होऊन साखर मागतो आणि रक्तात साखर नसते, म्हणून झटके. आधी साखर, मग ऊब. अगदी ताजं, ओलं कोकरू गार पडलं तर गोष्ट वेगळी, त्याच्याकडे थोडी शिल्लक असते, त्याला पुसून ऊब दिलेली चालते.

म्हणजे मी ज्याला वाचवणं म्हणत होते त्यानंच गेलं. आज दिवसभर हेच डोक्यात.

चौथा रकाना खोडला. आता तिथं दोन रकाने: "दोन्ही सड पिळून धार बघितली" आणि "पोट भरलं, किती वाजता". लुचलं हा शब्द वहीत लिहायचा नाही.

४ मार्च

९ नंबर, पहिलटकर. नाक आणि एकच खूर. अर्धा तास झाला, जीभ सुजायला लागली होती. हात धुऊन, ग्लोव्हज, भरपूर जेल. एक पाय मागं दुमडलेला. कळ थांबली की डोकं हळूच आत ढकलायचं, कळ आली की थांबायचं, मग गुडघा सापडला, तिथून खाली खूर, खूर तळहातात झाकून पुढं आणला म्हणजे आतून गर्भपिशवी फाटत नाही. मग तिच्या कळेबरोबर खाली, मागच्या खुरांच्या दिशेनं ओढलं. ४.६ किलोची कोकरी. गवताची काडी नाकात फिरवली तशी शिंकली. सड पिळले, दोन्ही सुरू. पोट भरलं ४० मिनिटांत. पोट भरलेलं कसं लागतं ते आता बोटांना कळायला लागलंय, बरगड्यांच्या मागं गोल, घट्ट आणि हलकंसं टणक, आणि उपाशी असलं की नुसती ढिली कातडी.

५ मार्च

दोन व्यायल्या, दोघींना जुळी. सगळं नीट.

७ मार्च

१२ नंबरचं एकुलतं कोकरू मेलेलं आलं. डोकं पूर्ण बाहेर आणि दोन्ही पाय मागं, मी दुसऱ्या टोकाला होते, पोचले तेव्हा उशीर झालेला. ५.३ किलो, मोठं, देखणं. मेंढी त्यालाच चाटत होती, हुंकारत होती. तो आवाज मेलेल्या कोकराशी ऐकवत नाही.

त्याच्या तासभर आधी ५ नंबरला तिळी झाली होती. मेंढीला सड दोन, कोकरं तीन, कधी ना कधी एक मागं पडणारच. आबांना हाक मारली. मला वाटत होतं सगळ्यात बारकं ते द्यावं, बिचाऱ्याला एकट्याला अख्खी आई मिळेल. आबा नको म्हणाले, दमदार द्या, नव्या आईकडे धडपडून उभं राहावं लागतं, ढुशी खाऊन परत जावं लागतं, बारक्याला ते झेपत नाही. मधलं-मोठं, ३.९ चं निवडलं. त्याच्या आईचा चीक आधीच प्यालेलं होतं. १२ नंबरचं पाणी आणि चिकटा बादलीत धरला होता, त्यात कोकरू मानेपासून शेपटीपर्यंत माखलं, पाय सैलसर बांधले म्हणजे ते एकदम उठून पळणार नाही, नुकतं जन्मल्यासारखं धडपडत राहील, आणि मेलेलं उचलून त्याच जागी हे ठेवलं.

ती थांबली. वास घेतला, डोक्याकडून, मग शेपटीकडून. मी श्वास धरून. मग हुंकारली आणि चाटायला लागली.

विताना कोकरू मार्गातून सरकतं तेव्हा मेंदूत ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक सुटतं आणि पुढचे काही तास मेंढीचं मन उघडं असतं, तेवढ्यातच हे जमतं. उद्यावर टाकलं असतं तर तिनं याला भिंतीवर आपटलं असतं.

पाय सोडले. सड पिळले. २:५० ला पोट घट्ट.

९ मार्च

१५ नंबरचं एक कोकरू फळीच्या फटीतून बाहेर जाऊन ओल्यात पडलेलं सापडलं, सात तासांचं, ३६.६, मान धरत नव्हतं. वहीत रात्री पोट भरल्याची नोंद आहे, तरी ओल्यानं आणि वाऱ्यानं सगळं ओढून घेतलं. या वेळी हात थरथरत होते पण क्रम चुकला नाही. २० टक्के ग्लुकोज, अंगाच्या उबेइतकं कोमट, किलोमागे १० मिली, हे ३.२ चं म्हणून ३२ मिली, पोटात टोचून. ही टोचणी डॉक्टरांनी २ तारखेलाच जवळ बसवून शिकवली होती, वाचून करायची गोष्ट नाही ही. मग कोरडं पुसलं, मग ऊब, दर अर्ध्या तासानं ताप. ३७.२, ३८.१. मान उचलली. तेव्हा कुठं नळीनं चीक, मान न धरणाऱ्या कोकराला नळी घालायचीच नाही, फुफ्फुसात जातं.

दुपारी दोनला आईकडे. तिनं ओळखलं.

फटीला फळी ठोकली.

१४ मार्च

लाल ठशाच्या १४ ही झाल्या. २४ आली, २२ आहेत. ७ नंबरची दोन्ही ठणठणीत, तीही आता भरपूर खातेय. आता निळ्या तीन उरल्या. आज पहिल्यांदा रात्रभर झोपले.

२१ मार्च

ऊन चांगलं, वारा पडलेला, सगळ्यांना गवतावर सोडलं. आईच्या आणि कोकरांच्या कुशीवर एकच नंबर घातलाय. दिवस-रात्र आता जवळजवळ सारखे. मेंढीचं सगळं गणित या उजेडावरच आहे, शरदात दिवस आखडायला लागले की तिच्या अंगात अंधारात सुटणाऱ्या मेलॅटोनिन या संप्रेरकाचा काळ वाढतो आणि ती माजावर येते, आणि पाच महिन्यांनी बरोबर कोवळं गवत फुटताना कोकरू हजर. तिला दूध हवं तेव्हाच जमीन हिरवी.

सोडल्यावर दहा मिनिटं नुसता गोंधळ, सगळ्या आया ओरडतायत, सगळी कोकरं ओरडतायत, आणि तरी प्रत्येकाला आपापला आवाज कळतो. कोकरू लांबून आवाजावर येतं, मेंढी जवळ आल्यावर शेपटीखाली हुंगून खात्री करते आणि मगच पाय फाकवून उभी राहते. १२ नंबरनं आपल्या दत्तकाला तीनदा हुंगलं, तिन्ही वेळा उभी राहिली. त्याची खरी आई, ५ नंबर, शेजारीच चरत होती, तिनं मान वर केली नाही.

निळ्यांतली पहिली झाली सकाळी, एकच. पोट १०:१५.

२६ मार्च

१७ नंबर, जुळी. दोन्ही सड सुरू. एका सडाला बूच होता, पिळल्यावर सुटला. नसता बघितला तर हेपण ३ नंबरचंच झालं असतं.

मोठी कोकरं गवत तोंडात धरून बघायला लागलीत. अजून खाणं असं नाही, पण त्यातूनच पोटाच्या चार कप्प्यांतला पहिला, चारा पचवणारा, तयार होतो. दूध मात्र त्या कप्प्याला वळसा घालून सरळ चौथ्यात जातं, लुचताना आत एक पन्हाळ मिटते त्यातून.

२९ मार्च

संध्याकाळी सूर्य उतरला की एक कोकरू उगाचच चारी पायांवर उडी मारतं, मग दुसरं, मग दहा-बारा जमतात आणि बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत सुटतात, टोकाला पोचली की एकदम थांबतात, कान टवकारून एकमेकांकडे बघतात आणि परत उलटी. त्या मातीच्या ढिगावर चढायचं, वरच्याला ढकलायचं. १५ नंबरचं ते ३६.६ वालं सगळ्यात पुढं होतं. वहिनी लांब ओट्यावर बसून बघत होती, तिथून तिला ऐकू जात होतं की नाही माहीत नाही, पण खुरांचा आवाज पाऊस आल्यासारखा येतो.

मी तिथंच उभी होते तेवढ्यात शेवटची निळी, १८ नंबर, कुंपणाकडे जाऊन पाय खरवडायला लागली.

५:२० पिशवी. ५:४१ कोकरी, ३.७. ५:५३ कोकरू, ३.९. दोन्ही सड पिळले, दोन्ही धारा. आयोडीन.

६:३० पहिल्याचं पोट. ६:५० दुसऱ्याचं पोट. दोन्ही घट्ट.

२७.